बावडा वाचता आला पाहिजे: जाड, भविष्यवेधी देवनागरी टाइपफेस घडवण्याची आणि वापरण्याची रीत

कोल्हापुरात मोठ्या अक्षरांना तोटा नाही. तालमींचे फ्लेक्स, फुटबॉलच्या जर्सी, बुलेटच्या टाकीवरचं रेडियम, डॉल्बीच्या बॉक्सवरची नावं, जिमचे बोर्ड. हल्ली यातल्या निम्म्या ठिकाणी एकच मागणी येते: "जरा फ्युचरिस्टिक करा की भावा." सोबत एखाद्या मोबाइल गेमच्या इंग्रजी नावाचा स्क्रीनशॉट. चौकोनी, जाड, कोपरे छाटलेली अक्षरं. तोच साचा देवनागरीवर चढवायला घेतला की 'नाद' झकास जमतं, 'गगन' जमतं, आणि 'बावडा' हे गावाचं नाव आलं की गाडी अडते. ब आणि व एकसारखेच काळे ठोकळे दिसायला लागतात.

हा लेख त्या अडलेल्या जागेपासून पुढचा आहे: असा टाइपफेस, म्हणजे एका वळणाच्या अक्षरांचा संच, कसा घडवायचा. जाडी वाढवायला कुणाचीच मदत लागत नाही. जाडी वाढवूनही आतला पांढरा जपायचा, ही खरी मेहनत. खालची प्रत्येक पायरी शेवटी याच हिशेबावर येते.

भविष्य कुठल्या यंत्रातून येतंय ते ठरवा

आज आपल्याला 'भविष्यातली' वाटणारी अक्षरं चांगली साठ-सत्तर वर्षांची म्हातारी आहेत. इटलीतल्या तुरीनच्या नेबिओलो फाउंड्रीनं, म्हणजे छपाईची अक्षरं घडवणाऱ्या कारखान्यानं, १९५२ मध्ये मायक्रोग्रामा हा टाइपफेस काढला, तो फक्त कॅपिटल अक्षरांचा. त्याच घरातून आल्डो नोव्हारेझेचा युरोस्टाइल १९६२ मध्ये आला. त्यातला ओ धड गोल नाही, धड चौकोनी नाही. त्या काळच्या टीव्हीच्या काचेसारखा. दुसरा उगम तुमच्या चेकबुकात आहे. चेकच्या तळाशी छापलेले ते मधेच फुगीर, मधेच बारीक आकडे चुंबकीय शाईच्या यंत्राला ओळखता यावेत म्हणून तसे आहेत. पुढे त्यांची नक्कल करून अख्खी वर्णमाला बनवली गेली आणि लोकांना ती कॉम्प्युटरची वाटायला लागली.

म्हणजे हे रूप यंत्राच्या अडचणीतून आलं. आपणही आपलं यंत्र निवडावं, स्क्रीनशॉट बाजूला ठेवावा. माझी निवड आपल्या कारखान्यांच्या शिवाजी उद्यमनगरची: सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर फिरतं बिट चालवून आकार कापणारं यंत्र. गोल फिरणाऱ्या बिटानं बाहेरचा कोपरा टोकदार कापता येतो, आतला कधीच नाही. ६ मिलीमीटरचा बिट असेल तर आतल्या कोपऱ्याला ३ मिलीमीटरची गोलाई राहणारच. यातून एक पक्का नियम हाती येतो: बाहेरचे कोपरे धारदार, आतले गोल. सगळ्या अक्षरांना एवढा एकच नियम लावला तरी कुटुंब एका रक्ताचं दिसतं, आणि कुणाची नक्कलही वाटत नाही. तुम्ही प्लॉटरची (रेडियम कापणाऱ्या यंत्राची) पाती किंवा एलईडीचे ठिपके निवडाल तर नियम बदलेल. मात्र एकच यंत्र घ्या. दोन मिसळली की मांडवासारखं होतं, प्रत्येक खांबाला वेगळं कापड.

काम सुरू करण्यापूर्वी गूगल फॉण्ट्सवर चार टाइपफेस उतरवून घ्या: तेको, खंड, राजधानी आणि मोदक. पहिले तीन इंडियन टाइप फाउंड्रीचे, चौकोनी वळणाचे. मोदक 'एक टाइप' या फाउंड्रीचा, आणि चौकोनीपणाशी त्याचा काही संबंध नाही. पण जाडी टोकाला नेल्यावर आतली पोकळी नुसत्या चिरेवर कशी तगवायची, हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. शंभर टक्के झूम करून ह, ळ आणि क्ष बघत बसा.

आधी शब्द, मग अक्षरं

अ पासून ज्ञ पर्यंत ओळीनं काढायला बसू नका. आधी कसोटीचे शब्द ठरवा. जिल्ह्याचे बारा तालुके यासाठी नामी आहेत: करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, कागल, हातकणंगले, शिरोळ, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, गडहिंग्लज, आजरा, चंदगड. यात ळ आहे, ण आहे, न्ह आहे, भ आणि ध आहेत, आणि 'हिंग्ल' हा अख्खा डोंगर आहे.

गंमत म्हणजे बारा तालुक्यांत म, य, स, ट एकदाही येत नाहीत. म्हणून जोडीला मिसळ, फुटबॉल, यल्लम्मा, झणझणीत, थेट पाइपलाइन, शिवाजी पेठ, छत्रपती, खिद्रापूर आणि नृसिंहवाडी घ्या. फ्लेक्सवर हमखास येणारे 'कार्यकर्त्यांच्या' आणि 'पुढाऱ्यांना' हेही हवेत. पहिल्यात रफार आणि अनुस्वार एकाच जागेसाठी भांडतात, दुसऱ्यात खास मराठीचा आडवा अर्धा र आहे. परक्या टाइपफेसात नेमका तोच मोडलेला असतो.

क चा हिशेब

फॉण्टच्या फाइलीत एका चौकटीची उंची १००० एकक धरतात. तिच्यावर माझी मापं अशी: पायाची रेघ ०, शिरोरेषेची वरची कड ६४०, वरच्या मात्रा ९४० पर्यंत, खालचे उकार उणे २८० पर्यंत. उभा दंड १६० जाड, शिरोरेषा १००, पोटाच्या आडव्या रेघा १२०. आडवी रेघ उभ्याएवढीच जाड ठेवली तर डोळ्याला ती जास्त जाड भासते, शिवाय देवनागरीत आडव्या रेघांची चळत एकावर एक येते. म्हणून ती बारीकच हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं माप: कुठलीही पांढरी फट ६० च्या खाली जाणार नाही.

आता क काढा. वरून खाली मोजत या: शिरोरेषा १००, तिच्याखाली पांढरी फट ७०, पोटाची वरची रेघ १२०, पोकळी १३०, पोटाची खालची रेघ १२०. झाले ५४०. उरलेले १०० म्हणजे पोटाखाली लोंबणारा दंडाचा पाय. क मध्ये जागा इतकी काटेकोर आहे. आणखी जाड हवं म्हणून पोटाच्या रेघा १५० केल्या, तर ६० एकक कुठून तरी चोरावे लागतात. शिरोरेषेखालची फट खाल्ली तर पोट वर चिकटतं, पाय खाल्ला तर क चा तोल जातो. मला विचाराल तर पाय ७० करावा, उरलेले ३० पोकळीतून घ्यावेत आणि फटीला हात लावू नये. लांबून बघताना शिरोरेषेखालची ती पट्टीच शब्दाला अक्षरांमध्ये फोडते.

रुंदीला अशी अडचण नाही. भविष्यवेधी रूपाला आडवा विस्तार शोभतोही. पोकळीला श्वास हवा असेल तर अक्षर रुंद करा, उंचीच्या वाट्याला जाऊ नका.

क मनासारखा झाला की त्याच पोटातून व, ब, फ निघतात. प पासून ष, ग पासून म आणि न चे दंड, ट पासून ठ, ढ, द. ह, ळ, झ, क्ष शेवटी ठेवा. त्यांना साचा लागू पडत नाही, प्रत्येकाशी वेगळी तडजोड करावी लागते. ळ मध्ये दोन्ही पोकळ्या राखायच्या तर तो क एवढा तरी रुंद ठेवाच. शेजारच्या अक्षरांत बसवायला आवळला तर 'रंकाळा' मध्ये काळा डाग दिसतो.

शिरोरेषेचं काय करायचं

इथे तीन वाटा आहेत. अखंड ठेवा, प्रत्येक अक्षरानंतर तोडा, किंवा उडवून टाका.

उडवून टाकलं की लगेच आधुनिक दिसतं, म्हणून नवशिके तिकडे धावतात. पण घ आणि ध यांच्यातला, तसाच म आणि भ यांच्यातला मोठा फरक शिरोरेषेतच आहे: ध आणि भ यांच्या डोक्यावर ती डावीकडे तुटलेली असते. रेषा काढली की राधानगरीची 'राघानगरी' आणि भुदरगडचा 'मुदरगड' व्हायला वेळ लागत नाही. रेषा काढायचीच असेल तर ध आणि भ च्या डाव्या खांद्यावरची गाठ दुप्पट ठळक करा, आतल्या पांढऱ्या ठिपक्यासकट.

तोडलेल्या रेषेत हीच अडचण निम्म्यानं येते. मी ती वाट घेतो, कारण राउटरच्या नियमाशी ती जुळते: दोन अक्षरांत ४० एककांची तिरकी चीर, सगळीकडे एकाच कोनात. ही चीर अक्षराच्या आतली पोकळी नव्हे, म्हणून तिला ६० चा नियम लावलेला नाही. लांबून ती मिटली तरी फार तर अखंड शिरोरेषा दिसेल. ध आणि भ मधली नैसर्गिक तूट मात्र १०० ची ठेवायची, म्हणजे ती चिरेपेक्षा ठसठशीत वेगळी दिसते.

अखंड रेषा ठेवणार असाल तर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरात १५-२० एकक घुसू द्या. कडेला कड लावून ठेवली तर स्क्रीनवर आणि छपाईत केसाएवढी पांढरी रेघ दिसते.

गोंधळाच्या जोड्या

ब आणि व पुन्हा बघू. ब म्हणजे पोटात तिरकी रेघ असलेला व. पोकळी १३० उंच आणि साधारण १०० रुंद. तिच्यात काळी रेघ बसवली तर दोन्ही बाजूंना पांढरं उरतच नाही. उपाय उलटा आहे. ब ची पोकळी पूर्ण काळी भरा आणि तिच्यातून डावीकडून उजवीकडे उतरणारी ६० ची पांढरी चीर पाडा, चौकटीबाहेर थोडी जाऊ द्या. व ची पोकळी मोकळीच ठेवा. आता 'बावडा' लांबूनही वाचता येतो, आणि ती चीर टाइपफेसची ओळखही होऊन बसते. ष ला तोच न्याय लावा.

ख चौकोनी केला की 'रव' दिसतो. खिद्रापूरचं 'रिवद्रापूर' झालेलं बोर्डावर शोभणार नाही. डाव्या भागाची शेपटी उजव्या पोटाला खालून जोडून टाका, म्हणजे दोन तुकडे एक होतात.

ल आणि श मराठीचे हवेत: पाकळीचा ल, देठाचा श. दंडाचा हिंदी ल चौकटीत सहज बसतो हे खरं, पण मराठी वाचकाला तो परका वाटतो. पाकळीच्या ल ला दोन पोटं असल्यानं तो रुंद होतो, होऊ द्या. 'कोल्हापुरी' मध्ये अर्धा ल आणि ह शेजारी येतात, दोघंही वळणांनी भरलेले. तिथे ल्ह हे जोडाक्षर वेगळं काढा. आपोआप जुळणाऱ्या तुकड्यांवर विसंबलात तर आपल्याच गावाचं नाव सगळ्यात वाईट दिसेल.

मात्रा, वेलांट्या, रफार

वरच्या पट्टीत फक्त ३०० एकक आहेत, म्हणून मात्रेची जाडी १०० च्या वर नेऊ नका. ऱ्हस्व वेलांटी प्रत्येक व्यंजनाच्या रुंदीप्रमाणे लांबते. किमान चार रुंदीच्या वेलांट्या काढा, नाहीतर 'शिरोळ' मधली वेलांटी श च्या दंडापर्यंत पोचणार नाही आणि 'मिसळ' मधली पलीकडे जाईल. कमान चपटी आणि शेवटी तिरकी छाटलेली ठेवली तर चारही एका घरच्या वाटतात.

अनुस्वार गोल ठेवू नका, शिरोरेषेच्या चिरेच्याच कोनातला तिरका चौकोन करा. 'हिं' मध्ये तो कमानीच्या उजवीकडे सरकतो, 'र्त्यां' मध्ये रफाराच्या कुशीत बसतो. या दोन्ही जागा वेगळ्या ग्लिफ (फॉण्टमधला एकेक सुटा आकार म्हणजे ग्लिफ) करूनच नीट होतात.

फॉण्ट बांधताना

फॉण्ट बनवायचं सॉफ्टवेअर: मॅक असेल तर ग्लिफ्स, नसेल तर फॉण्टफोर्ज. दुसरं फुकट आहे आणि पुरतं. रेखाटन इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलंत तरी चालेल. जोडाक्षरं धरून ३०० च्या आसपास ग्लिफांत रोजचं मराठी भागतं.

तीन गोष्टींकडे लक्ष द्या. लिपीची नोंद 'डेव्ह२' या नव्या टॅगखाली करा आणि अर्धी अक्षरं, रफार, रकार, जोडाक्षरं यांचे नियम त्यात लिहा. वेलांटी अक्षराच्या अलीकडे आणणं, रफार पुढे नेणं ही कामं संगणक स्वतः करतो, आकार मात्र तुम्ही पुरवायचे. दुसरं, मराठी ल आणि श हेच मूळ ग्लिफ ठेवा आणि हिंदीचे आकार भाषेच्या नियमाखाली द्या. फ्लेक्सच्या दुकानात मजकुराची भाषा मराठी निवडायला कुणी बसत नाही. तिसरं, उंचीची मर्यादा फाइलीत वर १००० आणि खाली ३२० तरी नोंदवा, नाहीतर काही ठिकाणी 'को' ची मात्रा वरून कापली जाते.

'ॲकॅडमी' चा ॲ दोन पद्धतींनी टाइप होतो: कुणी तयार अक्षर वापरतं, कुणी अ वर चंद्र ठेवतं. दोन्हींचं रूप एकच येईल असं बघा. गावात ॲकॅडम्या कमी नाहीत.

तपासणी

कसोटीचे शब्द ए-४ वर छापा, भिंतीला चिकटवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. डोळे किलकिले करून बघा. जो भाग आधी काळा होतो तिथे फट वाढवा. मग फोननं लांबून फोटो काढून लहान करून बघा, कारण आजकाल फ्लेक्स चौकात जेवढे लोक बघतात त्याहून जास्त व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर बघतात. शब्द माहीत नसलेल्या माणसाकडून वाचून घ्या. 'जगात भारी' कुणीही न वाचता ओळखतं, म्हणून त्याची परीक्षा धरायची नाही. एखादं आडनाव द्या.

फ्लेक्स, रेडियम, ग्लो साइन, जर्सी

उंचीचा ठोकताळा बोर्डवाल्यांमध्ये प्रचलित आहे: दर १० फूट अंतराला १ इंच अक्षर. १०० फुटांवरून वाचायचं तर शिरोरेषेपासून पायापर्यंत १० इंच. या उंचीला आपली ६० एककांची फट जवळजवळ १ इंचाची होते. चांगल्या नजरेला १०० फुटांवरून साधारण पाऊण सेंटिमीटर ते एक सेंटिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा दिसतो, त्यामुळे आपण सुरक्षित आहोत. पण दुकानात त्यावर पांढरी आउटलाइन, तिच्यावर काळी, मग सावली चढते आणि दोन्ही बाजूंनी फट बुजते. आउटलाइन द्यायचीच असेल तर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती भरणीच्या मागे टाकायला सांगा, म्हणजे ती अक्षर खात नाही. आतल्या फटीत मात्र ती तरीही उतरते, म्हणून बारीकच ठेवा. आणि अक्षर आडवं-उभं ओढून जागेत बसवू देऊ नका. दंड आणि रेघांचं प्रमाण तिथंच बिघडतं.

जुन्या कोरलवर चालणारी दुकानं अजून भरपूर आहेत आणि तिथे जोडाक्षरं तुटतात. फाइल देताना मजकूर कर्व्ह करूनच द्या, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून. फोन नंबर, पत्ता आणि कार्यकर्त्यांची यादी या टाइपफेसात टाकू नका. त्यासाठी 'मुक्त' नावाचा टाइपफेस घ्या, वाचायला सोपा आहे. जाड अक्षर तीन-चार शब्दांपुरतंच.

दोन ओळी असतील तर ओळींमधलं अंतर शब्द बघून ठरवा. सरसकट १२५० लागतं. पण वर 'जगात भारी' आणि खाली 'कोल्हापुरी' असेल तर वरच्या ओळीत उकार नाही, त्यामुळे अंतर १००० पर्यंत खाली आणता येतं आणि दोन्ही ओळींचा एकच ठोकळा होतो. याउलट वर 'नाद खुळा' आला की खु चा उकार खाली उतरतो आणि तेवढी जागा सोडावीच लागते.

रेडियमला अखंड शिरोरेषा वापरली असेल तर कटिंगला देण्याआधी अक्षरं वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. एकमेकांत घुसलेल्या कडा तशाच राहिल्या तर प्लॉटरची पाती तिथूनही फिरते आणि शिरोरेषेचे बारीक तुकडे सुटून येतात. पत्रा किंवा एसीपीतून (बोर्डाच्या ॲल्युमिनियमच्या शीटमधून) अक्षर आरपार कापायचं असेल तर व, ळ यांच्या पोटातले तुकडे गळून पडतील. प्रत्येकाला एक पूल ठेवा, शिरोरेषेच्या चिरेच्याच कोनात.

ग्लो साइनचं गणित उलटं आहे. काळ्या पाठीवर उजळलेलं अक्षर रात्री पसरतं, फटी आपोआप बारीक होतात. त्यासाठी दंड १६० वरून १३० वर आणलेली आणि फटी ८० च्या केलेली वेगळी फाइल ठेवा. दिवसा ती जराशी अशक्त दिसते, ते चालवून घ्यायचं.

जर्सीच्या पाठीवर नाव ६० मिलीमीटर उंच आलं तर फट साडेपाच मिलीमीटरची राहते, व्हिनाइल आरामात सोलतं. छातीवर तेच अक्षर १२ मिलीमीटरला घेतलं की फट १.१ मिलीमीटर होते आणि ब मधली चीर सोलताना शेजारचं व्हिनाइल सोबत येतं. छातीवर पूर्ण नाव न टाकता तालमीचं पहिलं अक्षर २५ मिलीमीटरला टाका. संघाला दोन्ही फाइली वेगळ्या नावानं द्या, 'पाठ' आणि 'छाती', म्हणजे शिलाईवाला मोठी फाइल लहान करून वापरणार नाही.